खालित्य : साध्यासाध्यता आणि रुग्णाचे मन

काही वर्षांपूर्वी, लगीनसराईच्या तोंडावर, सव्वीस वर्षांचा एक तरुण आमच्या सोनगीर येथील चिकित्सालयात आला. समोर बसेपर्यंत त्याने टोपी काढली नव्हती. कपाळाच्या दोन्ही बाजूंनी केस मागे सरकलेले. टाळूवर तळहाताएवढा भाग गुळगुळीत. वडील आणि मामा, दोघांनाही टक्कल. आम्ही भृंगराज तैल दिले, नस्य योजिले, पथ्य सांगितले. आठ महिन्यांत कोंडा गेला, झोप सुधारली. टाळू मात्र होती तशीच राहिली. "केस आल्यावर बघू" म्हणत त्याने दरम्यान दोन स्थळे पुढे ढकलली होती. शेवटच्या भेटीत तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर मी टोपी न घालता मुलगी बघायला गेलो असतो."

चूक आमची होती. रोग आम्ही ओळखला होता. साध्यासाध्यता सांगणे टाळले होते. म्हणूनच हा लेखप्रपंच.

शास्त्रकारांची दृष्टी

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात, क्षुद्ररोगांच्या अध्यायात, या व्याधीची संप्राप्ती मोजक्या शब्दांत मांडली आहे. रोमकूपाश्रित पित्त वातासह केस गाळते. त्यानंतर रक्तासह कफ रोमकूपांचा रोध करतो, म्हणून तेथे नवा केस उगवत नाही. वाग्भटाचार्य उत्तरस्थानात इंद्रलुप्त व खालित्य यांतील भेद दाखवितात : पहिल्यात केस एकाएकी जातात, दुसऱ्यात क्रमाक्रमाने. सर्व दोषांची लक्षणे असलेले, नखासारखी चकाकी आलेले खालित्य असाध्य होय, असेही ते स्पष्ट सांगतात. चरकाचार्यांनी विमानस्थानात पित्तप्रकृतीच्या व्यक्तींना वली, पलित व खालित्य लवकर येते असे नोंदविले असून, लवण व क्षार यांच्या अतिसेवनाचाही संबंध जोडला आहे. लोणची, पापड आणि झणझणीत शेवभाजीच्या आपल्या खान्देशात हे पथ्य सांगणे योग्यच. परंतु प्रकृतीने आलेले खालित्य केवळ पथ्याने थांबत नाही, हेही लक्षात घ्यावे.

आधुनिक संशोधन याच दिशेने जाते. १९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन यांनी दाखविले की, पौगंडावस्थेपूर्वी वृषण निकामी झालेल्या पुरुषांना असे टक्कल पडत नाही. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यास मात्र, आनुवंशिक प्रवृत्ती असेल तर, ते पडू शकते. या हॉर्मोनपासून बनणाऱ्या डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमुळे प्रवृत्ती असलेल्या केसांची मुळे आक्रसतात, वाढीचा काळ आखूड होतो आणि जाड केसाच्या जागी लव उरते. पुढे तीही जाते व त्वचा चकाकू लागते. वाग्भटाचार्यांची 'नखप्रभा' ती हीच, असे आम्हांस वाटते.

भेद ओळखणे

प्रत्येक केसगळती म्हणजे खालित्य नव्हे. दिवसाकाठी पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक आहे. तीव्र ज्वर, बाळंतपण वा शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात आणि बहुधा आपोआप परत येतात. डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील गावांत अनेकांचे केस काही दिवसांतच गेले. डॉ. हिंमतराव बावसकर यांनी रेशनच्या गव्हातील अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखविले. तेथे केवळ तैल देऊन भागले नसते. अन्न तपासणे आवश्यक होते. स्त्रियांमध्ये भांग रुंदावत असेल, तर रक्ताल्पता, थायरॉइड व मासिक पाळीच्या तक्रारी प्रथम तपासाव्यात.

मनावरील परिणाम

सोनगीरच्या तांब्या-पितळेची भांडी घडविणाऱ्या जुन्या कारागिरांना टकलाची खंत कधी दिसली नाही. डोक्यावर टोपी वा रुमाल असेच. लग्न तर टक्कल पडण्याआधीच झालेले असे. त्यांचा नातू सुरत वा नाशिकला नोकरी करतो, त्याचा फोटो मोबाईलवरून दहा घरी फिरतो. तो समारंभ टाळतो, फोटोत मागे उभा राहतो, मित्रांच्या थट्टेला हसून उत्तर देतो आणि रात्री जाहिरातीतले तेल मागवितो. स्त्रियांचे दुःख याहून मुके असते. ज्या समाजात केशवपन ही वैधव्याची खूण होती, तेथे विरळ होणारा भांग स्त्रीला केवळ सौंदर्याचा प्रश्न वाटत नाही. अनेक भगिनी कंबरदुखीचे निमित्त सांगून येतात आणि उठता उठता पदर सारून केस दाखवितात.

आमची सध्याची पद्धत

आम्ही आता पहिल्याच भेटीत भिंगातून टाळू पाहतो. लव शिल्लक असेल, तर चरकाचार्यांच्या क्रमानुसार आधी शोधन, मग नस्य, तैल व शिरोलेप योजतो. उद्दिष्ट गळती रोखण्याचे असते, हे सांगतो आणि सहा महिन्यांची मुदत ठरवून, त्याच प्रकाशात छायाचित्रे घेऊन पडताळणी करतो. मिनॉक्सिडिल, फिनास्टेराइड यांविषयी विचारणा झाल्यास त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवितो. फिनास्टेराइडने काहींना लैंगिक तक्रारी उद्भवतात व गर्भवतीस ते वर्ज्य आहे, हेही सांगतो. चकाकी आली असेल, तर तेथे केस येणार नाहीत, असे शांतपणे सांगतो. त्या दिवशी औषधाची चिठ्ठी लिहीत नाही. रुग्णाजवळ अर्धा तास बसतो. उदासी गाढ दिसली, तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेण्यास सुचवितो.

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावली, १९४५ च्या 'अनुसूची जे'मध्ये टकलाचा समावेश आहे. औषधाने बरे करण्याचा दावा करू नये, अशा व्याधींची ती यादी. परंतु कायद्याच्या कितीतरी आधी आपल्या आचार्यांनी असाध्याला असाध्य म्हणण्याचे धैर्य दाखविले होते. वैद्यबंधूंनो, ते धैर्य आपण चिकित्सालयात दाखविले, तर रुग्णाचे पैसे वाचतील, आणि त्याहून मोलाची, वाट पाहण्यात जाणारी वर्षेही.