आवाजाची कणगी

मनुष्य जातो, पण त्याने लिहिलेले मागे राहते, असे आपण म्हणतो. परंतु लिहिण्यात शब्द राहतात. गळा राहत नाही. एखादा स्वर कोठे लांबवला, कोणत्या अक्षरावर आवाज किंचित कापला, हे शाईला टिपता येत नाही. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्हां भावंडांना हे अनुभवाने कळले. त्या वेळी उपयोगी पडलेल्या एका लहानशा साधनाची ओळख वाचकांस करून द्यावी, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

आमचे मामा भोपाळच्या अरेरा कॉलनीत, बिट्टन मार्केटच्या हाकेच्या अंतरावर राहतात. आजी त्यांच्याकडेच असते. तिचे माहेर बैतूल जिल्ह्यातील मुलताईचे. तापीचा उगम जेथे आहे, तेच हे गाव. तिच्या आईने जात्यावर गायलेल्या कित्येक ओव्या आजीला येतात. घरात जाते उरलेले नाही आणि त्या ओव्या जाणणारे दुसरे माणूसही उरलेले नाही. आजीचे वय चौऱ्याऐंशी. म्हणून त्या सर्व ओव्या ध्वनिमुद्रित कराव्यात, असे आम्ही ठरवले. मामांचा लॅपटॉप व एक साधा मायक्रोफोन एवढी सामग्री जमली. मात्र लॅपटॉपमध्ये केवळ दोन गिगाबाइट जागा शिल्लक होती. ती किती पुरेल, हे समजण्यासाठी थोडे गणित करावे लागले.

ध्वनी म्हणजे हवेतील कंपने. संगणक ती अखंड साठवीत नाही; ठरावीक क्षणांनी मापे घेऊन त्यांचे आकडे लिहून ठेवतो. माणसाचा कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू शकतो, आणि एखादे कंपन नीट टिपावयाचे तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मापे घ्यावी लागतात. म्हणून आम्ही सेकंदाला ४८,००० मापे निवडली. प्रत्येक माप २४ बिटांचे, म्हणजे ३ बाइटांचे. एका मायक्रोफोनच्या आवाजास सेकंदाला १,४४,००० बाइट लागतात. मिनिटाला सुमारे साडेआठ मेगाबाइट आणि तासाला सुमारे ५१८ मेगाबाइट. दोन गिगाबाइटांत चार तासही बसणार नव्हते! आवाज दाबून लहान करण्याची रीत आहे, पण त्या रीतीत काही सूक्ष्म भाग कायमचा गाळला जातो. नातेवाइकांस पाठवण्यास अशी प्रत पुरेशी आहे. मूळ ठेवा मात्र संपूर्ण असावा.

तेव्हा मामांनी बाजारातून एक टेराबाइटची बाह्य हार्ड डिस्क आणून दिली. आकाराने ती आमच्या कंपासपेटीएवढी; परंतु वरील हिशेबाने तीत एकोणीसशेहून अधिक तासांचा आवाज मावतो. या यंत्राचा पूर्वज पाहिला तर आश्चर्य वाटते. आयबीएम कंपनीने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क जगापुढे आणली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला नव्या मध्य प्रदेश राज्याची स्थापना होऊन भोपाळ त्याची राजधानी झाले. त्या यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन सुमारे एक टन होते आणि त्यात ५० लाख अक्षरे राहत. आमच्या पद्धतीने मुद्रण केले असते, तर एवढ्या अवाढव्य यंत्रात आजीचा आवाज अर्धा मिनिटही मावला नसता.

या डिस्कच्या पोटात चुंबकीय लेप दिलेल्या गुळगुळीत तबकड्या असतात. बहुतेक लहान डिस्कमध्ये त्या मिनिटाला ५,४०० फेरे घेतात. त्यांच्यावर एक सूक्ष्म शीर्ष तरंगत असते व लेपातील कणांचे चुंबकत्व बदलून आकडे लिहिते. शीर्ष व तबकडी यांतील अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढेही नसते. म्हणून चालू डिस्क आपटली वा हिसडली तर तबकडीवर ओरखडा उठू शकतो. फिरणारे भाग नसलेल्या डिस्कही आता मिळतात. त्या धक्क्याला अधिक टिकतात, पण त्यांची किंमत जास्त पडते.

‘बाहेरची डिस्क आवाजाच्या वेगाला पुरी पडेल काय?’ असा प्रश्न आमच्या मनात आला होता. उत्तर सोपे आहे. आजीचा आवाज सेकंदाला एका मेगाबाइटचा सातवा हिस्सा मागतो. साधी डिस्क सेकंदाला कित्येक मेगाबाइट सहज लिहिते. आठ मायक्रोफोन एकदम लावले तरी मागणी सव्वा मेगाबाइटच्या आतच राहते. तेव्हा अडचण वेगाची नसते. अडचण असते ती दोघांना जोडणाऱ्या तारेची.

हे आम्ही किंमत मोजून शिकलो. लॅपटॉपमध्ये जागा नाही म्हणून आम्ही थेट बाह्य डिस्कवरच मुद्रण चालवले होते. तिसऱ्या दिवशी आजी आपल्या आईवरच्या ओव्या गात होती. वीस मिनिटे झाली असतील, इतक्यात आमच्यापैकी एकाचा पाय तारेत अडकला आणि डिस्क सुटली. मुद्रण संपवताना संगणक फाइलच्या आरंभी तिची लांबी लिहितो. ती लिहिली गेली नव्हती, आणि शेवटचे आकडे तर डिस्कपर्यंत पोहोचलेच नव्हते. अशा तुटलेल्या फाइलमधून कधी कधी आवाज परत मिळवता येतो. आम्हांस फक्त पहिली सहा मिनिटे मिळाली. दुसऱ्या दिवशी आजी पुन्हा गायला बसली, पण काही ओव्या काही केल्या तिला आठवेनात. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “पोरांनो, ओवी पाठ नसते. जात्याचा खुंटा हाती आला की ती आपोआप ओठांवर येते.”

त्यानंतर आम्ही पुढील नियम कटाक्षाने पाळले. लॅपटॉपमधील मामांच्या जुन्या चित्रफिती प्रथम बाह्य डिस्कवर नेऊन आतली जागा मोकळी केली. आजीचा आवाज आतल्या डिस्कवरच मुद्रित केला, आणि ती विश्रांती घेऊ लागली की त्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली. प्रत आरंभी, मध्ये व शेवटी ऐकून पाहिल्याशिवाय मूळ पुसले नाही. संगणकास रीतसर सूचना दिल्यावाचून तार काढली नाही. प्रत्येक फाइलला दिनांक व ओव्यांचा विषय यांचे नाव दिले. कारण ज्या कणगीत कोणते धान्य आहे हे ठाऊक नाही, ती भरलेली असूनही रिकामीच.

आणखी एक गोष्ट. डिस्कची बारीक गुणगुण मायक्रोफोनमध्ये उतरते, म्हणून ती टेबलाखाली जाड सतरंजीवर ठेवली. पंखा बंद करावा लागे. भोपाळच्या उन्हाळ्यात ही तपश्चर्याच होती. हाटाच्या दिवशी भाजीवाल्यांच्या हिंदी आरोळ्या खिडकीतून आत येत. त्या मात्र आम्ही पुसल्या नाहीत. मुलताईची ओवी बिट्टन मार्केटपर्यंत येऊन पोहोचली, ही साक्षही त्या आवाजातच आहे.

हा उद्योग केवळ आमच्या घरापुरता नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतील कित्येकींचा आवाजही जतन झाला आहे, व २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेने तो ठेवा सर्वांसाठी प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. ज्या स्त्रियांची नावे इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात आली नसती, त्यांचे गळे आज ऐकता येतात.

वाचकहो, एक इशारा देऊन हा लेख संपवतो. डिस्क अमर नाही. तीही एक दिवस बंद पडते, आणि बहुधा पूर्वसूचना न देता. म्हणून ठेव्याच्या किमान तीन प्रती असाव्यात व त्यांपैकी एक दुसऱ्या घरी असावी. आमची एक प्रत लॅपटॉपमध्ये, एक मामांच्या कपाटात आणि एक आमच्या घरी आहे. तीनही प्रतींत मिळून त्या हरवलेल्या ओव्या मात्र नाहीत. आपल्या घरी अशी कोणी आजी असेल, तर डिस्क विकत घेण्याची वाट पाहू नका. हाताशी असेल त्या साधनाने आजच आरंभ करा. आणि तारेवर पाय पडणार नाही, तेवढे पाहा.