वेळासचा कासव महोत्सव : वन्यजीव निरीक्षण आणि संवर्धन

प्रस्तावना :
रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणवीसांचे गाव म्हणून इतिहासास परिचित आहे. अलीकडे मात्र ते ऑलिव्ह रिडले जातीच्या सागरी कासवांमुळे ओळखले जाते. वन्यजीव पाहण्याची हौस संवर्धनास पूरक कशी ठरते व तिला मर्यादा का असाव्यात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी :
मादी कासव रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत सुमारे दीड फूट खोल खड्डा करून त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते व खड्डा बुजवून समुद्रात परतते. पिलांचे संगोपन ती करीत नाही. त्यामुळे माणूस, कुत्रा आणि कोल्हा यांच्यापासून अंड्यांना धोका असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सागरी कासवांना संरक्षण दिले. तथापि प्रत्येक किनाऱ्यावर रात्रभर पहारा ठेवणे केवळ कायद्याने साध्य होत नाही. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००२ मध्ये ग्रामस्थांच्या साहाय्याने येथे संरक्षणाचे कार्य सुरू केले. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पर्यटक ग्रामस्थांच्या घरी उतरतात, तेथेच जेवतात. परिणामी कासव जगण्यात गावाचेही हित निर्माण झाले.

निरीक्षणाची पद्धती :
घरट्यातील अंडी काढून किनाऱ्यावरील कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात पुरली जातात. सुमारे ४५ ते ६० दिवसांत पिले बाहेर पडतात. वाळूचे तापमान अधिक असल्यास माद्यांचे प्रमाण वाढते, म्हणून घरट्याची जागा व खोली यांना महत्त्व असते. बाहेर आलेली पिले सकाळी किंवा सायंकाळी पाण्यापासून काही अंतरावर सोडतात आणि ती स्वतः चालत समुद्र गाठतात.

येथील शिस्तीमागे शास्त्रीय कारणे आहेत. पिले उजळ क्षितिजाच्या दिशेने चालतात. विजेरी वा कॅमेऱ्याच्या प्रकाशाने त्यांची दिशा चुकू शकते. वाळूत उमटलेल्या खोल पाऊलखुणाही त्यांना अडथळा ठरतात. म्हणून प्रेक्षकांनी दोरीमागे थांबणे व पिलांना स्पर्श न करणे आवश्यक असते.

मर्यादा :
पिले कोणत्या दिवशी बाहेर येतील हे निश्चित सांगता येत नाही. दूरवरून आलेल्या पर्यटकास कधी रिकाम्या हातीही परतावे लागते. अशा वेळी, प्रेक्षकांसाठी पिले राखून ठेवावीत, असा मोह होऊ शकतो. परंतु जन्मतः पिलाजवळ असलेली शक्ती मर्यादित असते व ती खोल समुद्रापर्यंतच्या प्रवासासाठी लागते. विलंबाने ती व्यर्थ खर्च होते.

निष्कर्ष :
वेळास येथे प्रथम संरक्षण आले व नंतर पर्यटन. हा क्रम उलटला तर कासव हे केवळ प्रदर्शनाचे साधन होईल. पिले न दिसताही समाधानाने परतणारा पर्यटक घडविणे, हेच अशा उपक्रमाच्या यशाचे खरे गमक होय.