विकृतिशास्त्रज्ञाची उमेदवारी : विद्यार्थी की कामगार?

रुग्णालयात आपली भेट होते ती डॉक्टरांशी आणि परिचारिकेशी. पण काढलेली गाठ साधी की कर्करोगाची, आणि रोग्याला कोणते रक्त चालेल, हे ज्याच्या सहीने ठरते तो विकृतिशास्त्रज्ञ आपल्याला बहुधा दिसत नाही. त्याचे शास्त्र समजावण्याचा अधिकार माझा नाही. माझी शाळा लवकर सुटली. परंतु माणूस काम कसे शिकतो, आणि शिकता शिकता त्याच्याकडून काम किती घेतले जाते, हे जन्मभर पाहिले आहे. त्या नजरेने या उमेदवारीकडे पाहू.

अमेरिकेचे उदाहरण घेतो, कारण हा वाद तेथे सरकारी मंडळापुढे उघडपणे लढला गेला. बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ साली उघडले. तेथे शिकणारे तरुण डॉक्टर रुग्णालयातच राहत. 'निवासी' हा शब्द त्या राहण्यावरून आला. विकृतिशास्त्राची परीक्षा घेणारे अमेरिकन मंडळ १९३६ साली स्थापन झाले. डॉक्टर झाल्यावर या शास्त्राची एकच शाखा शिकायची तर तीन वर्षे लागतात, आणि दोन्ही शिकायच्या तर चार.

पहिली शाखा शरीराच्या तुकड्यांची. शस्त्रक्रियेत काढलेला भाग निवासी डॉक्टर आधी डोळ्यांनी पाहतो, मोजतो आणि नेमक्या जागी कापतो. तो फॉर्मालीनमध्ये मुरवून मेणात बसवतात आणि त्याचे मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढे पातळ काप काढतात. रंग दिल्यावर पेशींची केंद्रे निळी आणि बाकीचा भाग गुलाबी दिसतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली वाचन सुरू होते. कधी रोगी टेबलावर असतानाच सर्जन तुकडा पाठवतो. तो गोठवून, कापून सुमारे वीस मिनिटांत उत्तर द्यावे लागते. त्या उत्तरावर पुढे किती कापायचे ते ठरते. २०१०च्या दशकातील नियमांप्रमाणे प्रत्येकाने किमान २,००० तुकडे, १,५०० पेशीनमुने, २०० तातडीचे निर्णय आणि ५० शवविच्छेदने करावयाची असत. शवविच्छेदनांची संख्या पुढे ३०वर आणली गेली.

दुसरी शाखा प्रयोगशाळेची : रक्तपेढी, रसायन, रक्तपेशी, जंतू. येथे यंत्र आकडा देते. तो खरा मानावा की नाही, हे माणूस ठरवतो. नळीत तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांतले पोटॅशियम बाहेर येते आणि आकडा फुगतो. तो तसाच कळवला तर रोग्याला नसलेल्या दुखण्याचे औषध मिळते! रक्त चढवताना रोग्याला हुडहुडी भरली, तर मध्यरात्रीही फोन या उमेदवाराला येतो. आपल्याकडे विकृतिशास्त्राची एम. डी. तीन वर्षांची आहे. जंतूंच्या आणि जीवरसायनाच्या पदव्या निराळ्या आहेत.

आता मुख्य प्रश्न. हा माणूस विद्यार्थी की कामगार? न्यूयॉर्कच्या निवासी डॉक्टरांनी १९५७ साली संघटना बांधली. परंतु १९७६ साली लॉस एंजलिसच्या एका रुग्णालयाच्या प्रकरणात राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाने निकाल दिला की, हे प्रामुख्याने विद्यार्थी होत. म्हणजे खाजगी रुग्णालयांत कामगार म्हणून वाटाघाटीचा हक्क नाही. तो निकाल तेवीस वर्षे टिकला. १९९९ साली बॉस्टनच्या प्रकरणात मंडळानेच तो फिरवला : शिकत असले तरी ते पगार घेऊन रुग्णालयाचे काम करतात, म्हणून ते कामगारही आहेत. पुढे २००३ साली सर्व शाखांच्या निवासी डॉक्टरांना चार आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. ज्या देशात १८८६ साली शिकागोचे कामगार आठ तासांच्या दिवसासाठी लढले, त्या देशात ही मर्यादा सुधारणा म्हणून आली!

माझ्या मते १९९९चा निकाल प्रत्येक कारागिराला ठाऊक असलेली गोष्ट सांगतो. उमेदवार हात चालवल्याशिवाय शिकत नाही; आणि हात चालला की त्यातून मालही तयार होतो. त्यामुळे 'तू शिकतोस' हे मजुरी बुडवण्याचे निमित्त होऊ नये. उलट, 'तू पगार घेतोस' म्हणून शिकवणे टाळणेही अन्यायच. शंभरावा तुकडा कापताना काही नवे कळते. पण तोच प्रकार हजारो वेळा, शेजारी शिकवणारा कोणी नसताना कापला, तर ती नुसती मजुरी झाली. तासांची मर्यादा हवीच, पण तेवढ्याने उमेदवारी चांगली होत नाही.

तेथील नियम असा की, निवासी डॉक्टराने लिहिलेला निदानाचा अहवाल वरिष्ठाने स्वतः काप पाहून सही केल्यावाचून अंतिम होत नाही. उमेदवारीचा प्राण या दुसऱ्या नजरेत आहे. वरिष्ठाला बसून 'हे तू असे का म्हणालास?' असे विचारायला वेळ असेल, तर उमेदवार शिकतो आणि रोगी वाचतो. तो वेळ काटकसरीत कापला गेला, तर सही उरते, शिकवण जाते. आणि त्या सहीखाली ज्याचे नाव आहे तो रोगी तुमच्या-माझ्या घरचा असतो. म्हणून हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा नाही. तो आपलाही आहे.