ऐकतो, पण बोलत नाही

पावसाळ्यात पालम तालुक्याची बातमी बहुधा एकाच मथळ्याने येते: लेंडी नदीला पूर, अमुक गावांचा संपर्क तुटला. इथे संपर्क म्हणजे रस्ता आणि पूल. गोदावरीत वरून पाणी सोडलं की डिग्रस बंधाऱ्यापासून जांभूळबेटापर्यंत काय होतं, हे तालुक्याला सांगावं लागत नाही. पण संपर्काला ऐकणं आणि बोलणं अशा दोन बाजू असतात आणि पुष्कळदा त्यातली एकच तुटते. हॅम रेडिओ, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचा छंद, त्यातला जुना सेट हे फार स्वच्छ दाखवतो. चाळीस-पन्नास वर्षं वापरलेल्या सेटची नेहमीची तक्रार अशी, की ऐकू सगळं येतं, पण आपलं बोलणं बाहेर जात नाही. या तक्रारीचा माग काढण्याची जी रीत हॅम मंडळींनी घडवली, ती सेटपेक्षाही मोलाची आहे आणि मोठ्या शहरांपासून दूरच्या गावांना तिची जास्त गरज आहे, असं या लेखाचं म्हणणं आहे.

या छंदाचा इतिहास थोडक्यात आटोपता येतो. भारतात पहिला परवाना १९२१ साली दिला गेला. १९४२ च्या चळवळीत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जो काँग्रेस रेडिओ चालवला, तो ४२.३४ मीटरवर बोलत असे, म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झवर. आज हॅम मंडळींचा चाळीस मीटरचा बँड तिथेच आहे. १२ नोव्हेंबर १९४२ ला छापा पडेपर्यंत ते यंत्र जागा बदलत फिरत राहिलं. असं यंत्र दुकानात दुरुस्तीला टाकता येत नाही. ते बोललं नाही तर का बोललं नाही, हे चालवणाऱ्यांनीच शोधायचं असतं. परवाना घेऊन चालणाऱ्या छंदातही हीच सवय दिसते.

उदाहरणाला केनवूडचा टीएस-५२० घेऊ. १९७० च्या दशकातला हा जपानी सेट बरंचसं काम ट्रान्झिस्टरवर करतो आणि शेवटचं जड काम व्हॉल्व्हवर सोपवतो: ड्रायव्हर म्हणून १२बीवाय७ए आणि फायनलला ६१४६ जातीचे दोन. फ्रिक्वेन्सी ठरवणारा व्हीएफओ, कॅरियर ऑसिलेटर आणि क्रिस्टल फिल्टर हे भाग ऐकताना आणि बोलताना तेच असतात. म्हणून स्टेशनं स्पष्ट आणि डायलवर योग्य जागी येत असतील, तर एवढे भाग संशयातून सुटले, तेही एकही स्क्रू न काढता. मग अँटेना काढून तिच्याऐवजी शक्ती जिरवणारा डमी लोड लावायचा आणि माइकचं बटण दाबायचं. रिलेचा ‘टक’ आवाज आला नाही, तर माइकची वायर किंवा प्लग बघायचा. टक झालं, तर मीटरकडे पाहायचं. नुसतं बटण दाबल्यावर फायनलचा करंट साधारण ६० मिलिअँपिअर दिसायला हवा. काटा शून्यावरच राहिला, तर आधी समोरचा हीटरचा आणि मागचा स्क्रीन ग्रिडचा स्विच तपासावा, कारण कुणीतरी त्यातला एखादा बंद करून विसरलेलं असणं हा खूप जुना ‘बिघाड’ आहे. ट्यून केल्यावर कॅरियर, म्हणजे आवाजाविना नुसती रेडिओ लहर, मिळतो पण आवाज जात नाही, तेव्हा दोष माइक अँप्लिफायर किंवा बॅलन्स्ड मॉड्युलेटरच्या बाजूला असतो. कॅरियरही नसेल, तर पुढे ड्रायव्हरकडे सरकायचं. प्रत्येक उत्तराने शोधाची जागा निम्मी होत जाते.

या वाटेवरचा एक चिवट भाग म्हणजे ड्रायव्हर आणि फायनल यांच्यामधला छोटा कपलिंग कंडेन्सर. त्याच्या एका टोकाला ड्रायव्हरच्या प्लेटचे काहीशे व्होल्ट, दुसऱ्या टोकाला फायनलच्या ग्रिडचा उणे व्होल्टेज. त्याने रेडिओ सिग्नल पुढे जाऊ द्यायचा आणि डीसी अडवायचा. वयोमानाने तो किंचित गळू लागतो. ग्रिडचा उणे दाब कमी होतो, करंट चढतो आणि व्हॉल्व्हच्या प्लेटा लालबुंद होतात. नवशिका व्हॉल्व्ह बदलतो, तर नवाही तसाच तापतो. जाणकार आधी ग्रिडवरचा व्होल्टेज मोजतो आणि मगच नवा व्हॉल्व्ह खोक्यातून बाहेर काढतो. रिलेच्या काळवंडलेल्या काँटॅक्टचंही तसंच. काँटॅक्ट क्लीनरने ओलसर केलेली जाड कागदाची पट्टी मधून ओढायची. पॉलिश पेपरने घासलं तर वरचा मुलामाच निघून जातो.

यावर पहिला आक्षेप असा, की हातात मोबाइल असताना ही उठाठेव कशाला? तो बराचसा बरोबर आहे. मोबाइल चालू असेल, तर तोच वापरावा. पण टॉवरला वीज लागते आणि मागे केबल लागते. २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानातले फोन बंद पडले, तेव्हा हॅम मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला गेलेल्या भारती प्रसाद यांच्या स्टेशनने निरोप पोहोचवले. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. पुरात वीज जाते आणि टीएस-५२० सारखा सेट बोलताना भरपूर वीज खातो. हे मान्यच करायला हवं: आणीबाणीचा सेट म्हणून तो सोयीचा नाही. मात्र त्याच्यावर शिकलेली रीत दुसरीकडे चालते. हैदराबादच्या अशर फरहान यांनी रचलेला बिटएक्स हा छोटा सेट बारा व्होल्टवर चालतो, आणि त्याच्या मूळ रचनेत कॉइल गुंडाळायला चक्क नळाचे वॉशर वापरले होते. त्यातले बरेचसे अँप्लिफायर दोन्ही दिशांनी काम करतात, म्हणजे ‘ऐकू येतंय ना?’ हा प्रश्न तिथे आणखी जास्त भाग संशयातून सोडवतो.

खऱ्या अडचणी यापुढच्या आहेत. ड्रायव्हर आणि फायनलचे चांगले व्हॉल्व्ह शोधत फिरावं लागतं, आणि नवे बसवले की न्यूट्रलायझेशन पुन्हा करावं लागतं, नाहीतर फायनल स्वतःच ऑसिलेट होऊ लागते. सेटच्या पोटात जवळपास ८०० व्होल्ट असतात. प्लग काढल्यावरही ते फिल्टर कंडेन्सरमध्ये थांबू शकतात. त्यामुळे एक हात खिशात ठेवून काम करण्याचा जुना नियम अक्षरशः जीव वाचवणारा आहे. परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते, आणि ती देऊन पालममध्ये बोलायचं कुणाशी, असा तरुणाचा प्रश्न रास्त आहे. सर्वांत मोठी उणीव शिकवणाऱ्याची. मीटर कुठे लावायचा हे पुस्तकात सापडतं, पण आधी कुठे लावायचा हे शेजारी बसूनच कळतं. तरीही जमीन अगदी कोरी नाही. शेतीच्या तालुक्यात मोटार रिवायंडिंगचं दुकान असतंच. सिंगल फेजची मोटार गुणगुणते पण फिरत नाही, अशी तक्रार आली की तिथला मिस्त्री लगेच वायंडिंग उकलायला घेत नाही. गुणगुण ऐकतो, सप्लाय पोचतोय एवढं धरून चालतो आणि पहिल्यांदा कंडेन्सरला हात घालतो.