जगातला सर्वांत पांढरा रंग आणि आपला पत्रा

विदर्भाचा पारा ४५ च्या घरात गेला की दोन गोष्टी हमखास होतात. ‘राज्यात आज सर्वांत तापलेलं कोण’ यावर अकोला, चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीची पहिल्या पानावर चढाओढ लागते. आणि मोबाइलवर पांढऱ्या रंगाच्या डब्याचा तो व्हिडिओ पुन्हा फिरू लागतो. अमेरिकेतल्या कुठल्याशा विद्यापीठाने जगातला सर्वांत पांढरा रंग शोधलाय, तो छताला फासा आणि एसी भंगारात काढा, असा त्याचा एकूण सूर. उष्माघाताची लक्षणं, शाळांच्या बदललेल्या वेळा, ओआरएसची पाकिटं हे सगळं आठवडाभर छापून झालेलं आहे. आज त्या डब्याचं झाकण उघडून बघू.

रंग खरा आहे, हे आधी सांगून टाकतो. इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठात यांत्रिकी अभियांत्रिकीचे प्राध्यापक शिउलिन रुआन आणि त्यांचे विद्यार्थी सहा वर्षं या एकाच गोष्टीमागे होते. शंभराहून जास्त पदार्थ त्यांनी तपासले, त्यातले दहा निवडले आणि मग मिश्रणांमागून मिश्रणं करत बसले. २०२० साली त्यांच्या कॅल्शियम कार्बोनेटच्या रंगाने ९५.५ टक्के ऊन परतवलं. पुढच्याच वर्षी बेरियम सल्फेटच्या रंगाने ९८.१ टक्के परतवलं आणि गिनेस बुकाने त्याला जगातला सर्वांत पांढरा रंग म्हणून जागा दिली. बेरियम सल्फेट म्हणजे काही परग्रहावरचं द्रव्य नव्हे. पोटाच्या एक्स-रेआधी दवाखान्यात ‘बेरियम मील’ म्हणून जो खडूच्या चवीचा पांढरा द्राव पाजतात, तेच हे. त्याचं मूळ खनिज बेराइट. त्याचा मोठा साठा आपल्याच देशात, आंध्रातल्या मंगमपेटला आहे.

बाजारातल्या बहुतेक पांढऱ्या रंगांचा पांढरेपणा टायटॅनियम डायऑक्साइडमुळे येतो. डोळ्यांना तो शुभ्र दिसतो, पण उन्हातले अतिनील किरण गिळतो. ते आपल्याला दिसत नाहीत म्हणून रंगकाम उठून दिसतं. छप्पर मात्र तापतं. बेरियम सल्फेट ते किरणही गिळत नाही. शिवाय रुआन यांच्या गटाने कणांचा आकार एकसारखा ठेवला नाही. बारीक-जाड कणांची मिसळ केली, कारण उन्हात वेगवेगळ्या लांबीच्या लहरी असतात आणि प्रत्येक आकाराचा कण आपापल्या लहरी जास्त चांगल्या विखुरतो. शिवाय कण भरले तेही दाबून: रंगाच्या थरात ६० टक्के जागा एकट्या बेरियम सल्फेटची.

इथे वाचक म्हणेल, ८५ टक्के काय आणि ९८ टक्के काय, पांढरा तो पांढराच. मलाही सुरुवातीला हा दशांशचिन्हाचा खेळ वाटला होता. पण जमाखर्च मांडला की खेळ कळतो. भर दुपारी एक चौरस मीटर छपरावर साधारण १००० वॅट ऊन पडतं. छतही गप्प बसत नाही. हवेइतकं तापलेलं छत निरभ्र, कोरड्या आकाशाकडे ढोबळमानाने १०० वॅट उष्णता सतत सोडत असतं. आता ८५ टक्के परतवणारा चांगला रंग घ्या. आत शिरले १५० वॅट, बाहेर गेले १००. पन्नासची जमा शिल्लक राहिली, म्हणून छत हवेपेक्षा गरम. पर्ड्यूच्या रंगात शिरतात १९ आणि जातात १००. म्हणजे भर उन्हात छत हवेपेक्षा थंड. वीज नाही, पंखा नाही. त्यांच्या चाचण्यांत पृष्ठभाग हवेपेक्षा साडेचार अंशांहून जास्त थंड राहिला आणि सरासरी थंडावा मिळाला चौरस मीटरला ११७ वॅट. नव्वदीच्या आसपास कुठे तरी एक उंबरठा आहे. तो ओलांडला की गोष्टच बदलते. या संशोधनाचं खरं मोल या उंबरठ्यात आहे, गिनेसच्या प्रमाणपत्रात नाही.

ही उष्णता जाते कुठे? सरळ अंतराळात. वातावरण बहुतेक उष्ण किरण अडवून धरतं, पण ८ ते १३ मायक्रॉन लांबीच्या किरणांसाठी त्यात एक खिडकी उघडी आहे. त्या खिडकीपलीकडे उणे २७० अंशांची पोकळी पसरलेली आहे. पृथ्वीवरची कोणतीही उघडी वस्तू तिच्याकडे उष्णता फेकत असते. आपल्या लोकांना हे सूत्र माहीत नव्हतं, पण त्याचा धंदा त्यांना चांगला जमत होता. सर रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबादच्या बर्फाची हकीकत लिहिली आहे. मोकळ्या मैदानात दोन फूट खोल, रुंद खड्डे खणायचे, तळाशी उसाच्या किंवा मक्याच्या वाळक्या ताटांचा फूटभर थर द्यायचा आणि त्यावर मातीच्या उथळ, बिनझिलईच्या तबकड्या ओळीने मांडायच्या. संध्याकाळी त्यांत उकळून निववलेलं पाणी ओतायचं. पहाटे सूर्य उगवण्याआधी कामगार येऊन बर्फ गोळा करणार. हवा गोठणबिंदूच्या वर असतानाही हिवाळ्यातल्या स्वच्छ, कोरड्या, बिनवाऱ्याच्या रात्री पाणी गोठायचं. खालची ताटं जमिनीची ऊब वर येऊ देत नसत, सच्छिद्र मातीतून थोडं बाष्पीभवन होई, आणि बाकीचं काम वरचं आकाश करत असे.

रात्री जमणारी ही गोष्ट भर दुपारी जमवली ती २०१४ साली स्टॅनफर्डमध्ये, शानहुई फॅन आणि आस्वत रामन यांनी. हाफ्नियम डायऑक्साइड आणि सिलिकाचे अतिसूक्ष्म सात थर चांदीवर चढवून त्यांनी आरसा केला आणि तो विद्यापीठाच्या गच्चीवर उन्हात ठेवला. आरसा हवेपेक्षा जवळपास पाच अंश थंड राहिला. रामन हे कॅनडात वाढले, पण लहानपणी प्रत्येक उन्हाळ्यात आजी-आजोबांकडे मुंबईला यायचे, असं त्यांनी २०१८ च्या टेड व्याख्यानात सांगितलं आहे. गंमत अशी की त्यांचं हे तंत्र जिथे सर्वांत कमी चालेल अशा शहरांत मुंबई येते. हवेतली वाफ ती खिडकी बंद करते. मेमधल्या मुंबईत, रत्नागिरीत किंवा पणजीत आकाश दमटपणाने भरलेलं असतं, त्यामुळे १०० वॅटचा तो खर्चाचा रकाना बराच आक्रसतो. अकोल्याची आणि चंद्रपूरची कोरडी झळ मात्र या भौतिकशास्त्राला मानवते. निसर्गाने विदर्भाच्या बाजूने कौल दिलेला हा बहुधा उन्हाळ्यातला एकमेव मुद्दा असावा.

आता व्हिडिओतला एसी. हजार चौरस फुटांच्या छपराला हा रंग दिला तर दहा किलोवॅटचा थंडावा मिळतो, घरच्या एसीपेक्षा जास्त, असं खुद्द रुआन सांगतात. गुणाकार बरोबर आहे, पण समजून घेताना घोळ होतो. हा थंडावा छपराच्या वरच्या अंगाला मिळतो. बाहेर ४५ अंश असतील तर रंगवलेलं छत ४० वर येईल. ते तुमची खोली २४ वर आणणार नाही. भिंती, खिडक्या, उघडझाप होणारं दार, स्वयंपाकघरातला गॅस यांना छताच्या रंगाशी देणंघेणं नाही. तुलना एसीशी करायचीच नाही. ती करायची पत्र्याशी.

नवा, चकचकीत जस्ती पत्रा, आमच्याकडे ज्याला टिन म्हणतात, तो बऱ्यापैकी ऊन परतवतो. तरी दुपारी साठच्या पुढे तापतो, आणि खाली बसलेल्या माणसाच्या टाळूवर ती धग उतरते. कारण चकचकीत धातू उष्णता सोडायच्या बाबतीत पक्का कंजूष असतो. आत आलेलं ऊन थोडं असलं तरी ते बाहेर जाईना, मग तापमान चढतच जातं. जुना, गंजलेला पत्रा ती सोडतो, पण तो ऊनही भरपूर खातो. त्यावर कोणताही बरा पांढरा रंग दिला की ऊन परत जाऊ लागतं आणि उष्णताही सुटू लागते. साठ-पासष्टवरून पन्नासच्या खाली येण्यासाठी ९८.१ टक्के लागत नाहीत. साध्या, चांगल्या पांढऱ्या रंगाच्या दोन हातांनी ते होतं. शेवटचे टक्के त्यापुढच्या चार-पाच अंशांसाठी आहेत.

त्या शेवटच्या टक्क्यांचा शत्रू म्हणजे धूळ. प्रयोगशाळेचा आकडा स्वच्छ नमुन्याचा असतो. चंद्रपूरच्या छपरावर कोळशाची भुकटी आणि विजेच्या कारखान्याची राख बसते, नागपूरच्या छपरावर रस्त्याची धूळ, आणि कबुतरं सगळीकडेच. परावर्तन ९८ वरून ९० वर आलं की वरच्या जमाखर्चात शिरले १०० आणि गेले १००. उंबरठा गेला, फायदा गेला. रंग उरला, तो इतर कोणत्याही पांढऱ्या रंगाइतकाच. २०२२ साली पर्ड्यूच्याच गटाने हेक्झॅगोनल बोरॉन नायट्राइडचा नवा रंग आणला. बेरियमच्या रंगाला ४०० मायक्रॉनचा थर लागायचा, हा १५० मायक्रॉनमध्ये ९७.९ टक्के देतो. हलका, म्हणून विमानं आणि मोटारींसाठी. हुशारी वादातीत आहे. पण मला विचाराल तर पत्र्याखाली राहणाऱ्याला पातळ रंग नको, न मळणारा रंग हवा. धूळ न धरणाऱ्या, पावसाने आपोआप धुतल्या जाणाऱ्या लेपांवर अनेक विद्यापीठांत काम चालू आहे. त्याला मथळे मिळत नाहीत, कारण ‘जगातला सर्वांत कमी मळणारा रंग’ या विक्रमात चमक नाही.

तोवर चुना आहे. कळीचा चुना पिंपात भिजवायचा, तो उकळून शांत झाला की फडक्याने गाळायचा, थोडा डिंक किंवा फेव्हिकॉल घालायचा आणि कुंच्याने दोन आडवे-उभे हात मारायचे. वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं. म्हणजे पर्ड्यूने २०२० साली निवडला होता तोच पदार्थ, फक्त कणांचा हिशेब न केलेला. आपले रंगारी त्यात शेवटी चिमूटभर नीळ टाकतात. नीळ पिवळसर छटा दाबते, म्हणून भिंत जास्त पांढरी दिसते. खरं तर ती थोडा उजेड गिळत असते. गच्चीवर चुना लावणार असाल तर नीळ टाकू नका. गच्ची कोणी बघायला येत नाही. पत्र्यावर मात्र नुसता चुना टिकत नाही, पोपडे सुटतात. तिथे अ‍ॅक्रिलिकचा पांढरा रंगच हवा. आणि दोन्हीकडे दर उन्हाळ्याच्या तोंडाला, होळीच्या सुमारास, धुणं किंवा नवा हात देणं आलंच.

हे कुणी करत नाही असं नाही. अहमदाबादने २०१७ मध्ये वस्त्यांमधल्या तीन हजारांच्या आसपास छपरांना पांढरा हात दिला. तेलंगणाने २०२३ मध्ये स्वतंत्र ‘कूल रूफ’ धोरण आणलं, पाच वर्षांत ३०० चौरस किलोमीटर छत थंड करण्याचं लक्ष्य ठेवलं आणि ठरावीक आकाराच्या वरच्या नव्या इमारतींना ते सक्तीचं केलं. पावसाळ्याआधी नालेसफाईच्या निविदा निघतात, तशा विदर्भातल्या महापालिकांनी फेब्रुवारीत छतसफाईच्या काढायला काय हरकत आहे? नाला साफ झाला की नाही हे बघायला पूर यावा लागतो. छत पांढरं झालं की नाही हे वरून एक ड्रोन फिरवला तरी कळतं.

आणि रंगाच्या दुकानात जाणाऱ्यांसाठी. डब्यावर ‘दहा अंशांनी थंड’ असं छापलेलं असेल तर ते छताच्या पृष्ठभागाबद्दल आहे की खोलीतल्या हवेबद्दल, हे आधी विचारा. मग सौर परावर्तन किती ते विचारा, आणि त्यातही नव्या रंगाचं नको, तीन वर्षं उन्हापावसात राहिलेल्या रंगाचं विचारा. अमेरिकेत ‘कूल रूफ रेटिंग कौन्सिल’ नावाची संस्था हा जुन्या रंगाचा आकडा मोजून जाहीर करते, तेव्हा तो मोजता येत नाही असं कुणी सांगितलं तर पटवून घेऊ नका. दुकानदाराकडे तो आकडा नसेल, तर महागडा डबा तिथेच ठेवा आणि साधा पांढरा रंग आणा.