मिनिटाला बारा आणे

ब्याऐंशी किलोमीटरची रेल्वे. बस्स, एवढीच! पुण्याहून मुंबईच्या गाडीत बसलात तर लोणावळा मागे पडतं, खंडाळा मागे पडतं आणि कर्जत यायच्या आत ब्याऐंशी किलोमीटर संपतात. पण तेवढ्याच लांबीच्या एका लोहमार्गासाठी लिस्बनमध्ये दोन साम्राज्यांनी तह केला, लंडनमध्ये एका ड्यूकने भांडवल उभं केलं, आणि त्या भांडवलाचं व्याज गोव्याच्या मिठाच्या मोबदल्यातून फेडायचं ठरलं! मुरगाव ते कॅसल रॉक. वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे. घ्या कागद-पेन्सिल, आपण मिळून हिशेब करू.

२६ डिसेंबर १८७८. ब्रिटनचे लिस्बनमधले वकील रॉबर्ट मोरियर आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री आंद्राद कोर्वो यांनी घडवून आणलेला तह झाला. गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधल्या जकाती उठल्या. गोव्याच्या मिठावरचा ताबा इंग्रजांकडे गेला, कारण तिथलं स्वस्त मीठ घाट चढून वर आलं की त्यांच्या मिठावरच्या कराला भोक पडत होतं. मोबदला? वर्षाला चार लाख रुपये, आणि ते रेल्वेच्या व्याजासाठी बांधलेले.

आता भांडवल. सदरलंडच्या ड्यूकचं लंडनमधलं घर म्हणजे स्टॅफर्ड हाऊस, आणि त्याच नावाची धनिकांची समिती. १८८१ मध्ये करार झाला. बंदर आणि रेल्वे मिळून आधी आठ लाख पौंड, मग आणखी साडेपाच लाख. एकूण साडेतेरा लाख पौंड! जुन्या सोप्या दराने, म्हणजे दहा रुपयांचा एक पौंड धरून, एक कोटी पस्तीस लाख रुपये.

दर सेकंदाला एक रुपया मोजत बसा. जेवायचं नाही, झोपायचं नाही. पाच महिने लागतील!

तो रुपया चांदीचा, एक तोळ्याचा. एक कोटी पस्तीस लाख तोळे म्हणजे १५७ टन. एका बैलगाडीत अर्धा टन भरला तर ३१५ गाड्या. आमच्या मुळशीत पौडच्या रस्त्यावर या गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर अडीच किलोमीटर रांग लागेल. आणि हेच रुपये जमिनीवर कडेला कड लावून मांडले तर? एका रुपयाची रुंदी साडेतीस मिलिमीटर. रांग निघते ४११ किलोमीटरची! मुंबईहून पुणे, पुण्याहून परत मुंबई, आणि तरीही २७ किलोमीटर पुरतील एवढे रुपये हातात उरतात. आता या ४११ ला रेल्वेच्या ८२ किलोमीटरने भागा. पाच! मुरगावच्या धक्क्यापासून कॅसल रॉकपर्यंत रुळांच्या बाजूने चांदीच्या रुपयांच्या पाच अखंड माळा. मीटरमागे १६५ रुपये, जवळजवळ दोन किलो चांदी.

हे कोणाच्या डोक्यावर? गोव्याची वस्ती तेव्हा साडेचार लाखांच्या आसपास. पाळण्यातलं मूल धरून माणशी तीस रुपये भांडवल. मजुराची रोजची मजुरी तीन आणे धरा. तीस रुपये म्हणजे १६० दिवसांची मजुरी, घरातल्या प्रत्येकाच्या नावावर.

अर्थात पैसा कुठे गेला तेही डोळ्यांनी पाहण्यासारखं आहे. ताम्हिणीतून कोकणात उतरणाऱ्या मुळशीकराला घाट म्हणजे काय ते सांगायला नको, पण कुळ्याहून कॅसल रॉककडे चढणारी गाडी एकदा तरी अनुभवावी. आज तिथला कडक चढ ३७ ला १ आहे, अगदी बोरघाटाइतकाच. शेजारी ३१० मीटरवरून दूधसागर कोसळतो, आणि रूळ थेट त्याच्या धारेसमोरून जातात! १८८८ मध्ये हा मार्ग पुरा झाला. वरच्या अंगाला लोंढा, हुबळी, बेल्लारी असा दक्षिण मराठा रेल्वेचा मार्ग त्याला येऊन मिळाला. दख्खनचा माल समुद्रावर आणायला मुरगाव मोकळं झालं.

पण मला सगळ्यात थक्क करतं ते व्याज. पोर्तुगाल सरकारची हमी होती: गाडीच्या कमाईतून भागलं नाही तर उरलेलं आम्ही भरू. नुसत्या पहिल्या आठ लाखांवर पाच टक्के म्हणजे वर्षाला चाळीस हजार पौंड. दहाने गुणा. चार लाख रुपये! मिठाचा मोबदला किती? चार लाख रुपये! दोन्ही आकडे तंतोतंत एकच. दिवसाला १,०९६ रुपये, तासाला साडेपंचेचाळीस, मिनिटाला बारा आणे. आपण तीन तासांत पुण्याहून मुंबईला पोचतो. तेवढ्या वेळात व्याज चढलं १३७ रुपये, म्हणजे त्या तीन आणेवाल्या मजुराची दोन वर्षांची मजुरी!

पोर्तुगालचा रेल्वेचा हिशेब एकट्या गोव्यात अडकलेला नव्हता. याच मोरियर-कोर्वो जोडीने १८७९ मध्ये आफ्रिकेतल्या लॉरेन्सो मार्किस बंदरासाठीही तह केला. त्यातही रेल्वे होती, पण तो मंजुरीविना बारगळला. पुढे तिथे एका अमेरिकन उद्योजकाच्या कंपनीने रेल्वे बांधली, तीही नव्वद किलोमीटरच्या आतबाहेरचीच. १८८९ मध्ये पोर्तुगालने ती ताब्यात घेतली आणि ब्रिटन-अमेरिका दोघेही अंगावर आले. स्विस लवादाचा निकाल १९०० मध्ये लागला: भरपाई १,५३,१४,००० फ्रँक! आपल्या तेव्हाच्या रुपयांत साधारण ९१ लाख, आणि वर जवळजवळ अकरा वर्षांचं पाच टक्के व्याज वेगळं.

परत गोव्याकडे या, कारण खरी उसळी इथे आहे. मिठाचे चार लाख रुपयांत मिळायचे. व्याज पौंडांत द्यायचं. रुपया चांदीचा, पौंड सोन्याचा, आणि जगभर चांदी घसरत होती. तह झाला तेव्हाच रुपया २४ पेन्सांवरून २० वर आला होता: चाळीस हजार पौंडांना लागले ४ लाख ८० हजार रुपये. १८९२ च्या सुमारास रुपया १५ पेन्स: ६ लाख ४० हजार रुपये. १८९४-९५ मध्ये १३ पेन्स: ७ लाख ३८ हजार! पौंड तेवढेच, रूळ तेवढेच, घाट तेवढाच. चांदी मात्र वर्षाला साडेचार टनांवरून साडेआठ टनांवर. मिनिटाला बारा आण्यांचे साडेबावीस आणे!

आणि समोरच्या पारड्यात? १८८० ते १८९२ या बारा वर्षांत मिठाचे मिळाले ४८ लाख, म्हणजे ५६ टन चांदी. आजच्या मालगाडीच्या एका वाघिणीत मावेल एवढी! गोव्यातल्या मिठागरांवरचा हक्क गेला, जकातीचं स्वातंत्र्य गेलं, एवढ्याशा प्रदेशाने हे सोसलं, आणि बारा वर्षांचं मोल भरलं एका वाघिणीत. हा सौदा गोव्यासाठी वाईटच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

जानेवारी १८९२ मध्ये तहाची मुदत संपली. इंग्रजांनी तो पुढे चालवला नाही. त्याच वर्षी पोर्तुगालच्या तिजोरीत एवढा खडखडाट झाला की परदेशी कर्जावर ठरलेल्या व्याजाचा तिसरा हिस्साच देऊ, असं तिथल्या सरकारने जाहीर केलं. मिठाचे चार लाख बंद झाले. रेल्वेच्या व्याजाची हमी चालू राहिली, पौंडांतच.