आधी प्लास्टिक बघा, मग नाणं

सकाळी साडेदहा. दुकान उघडलं की देवापुढे दिवा-उदबत्ती. ती विझेपर्यंत ॲसिटोनची बाटली कपाटातून काढत नाही, कारण त्याची वाफ लगेच पेट घेते. तोवर पाकिटं बदलायची किरकोळ कामं. पुठ्ठ्याच्या चौकटीतलं नाणं काढताना चारही पिना आधी पकडीने उपटायच्या. घाईने पुठ्ठा फाडला, की पिनेचं टोक नाण्यावरच्या राणीच्या गालावरून जातं. गाल हा चेहऱ्याचा सगळ्यात वर आलेला भाग, त्यामुळे तिथला ओरखडा लांबूनही दिसतो.

साडेअकरा. एक आजोबा जुना अल्बम घेऊन आले. मऊ, पारदर्शक कप्पे. उघडल्याबरोबर नव्या रेनकोटसारखा वास. म्हणजे पीव्हीसी. त्याला मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू बाहेर पाझरतं, आणि प्लास्टिक कुजताना सुटणारं आम्ल तांब्याला धरतं. 1862 चा राणीछाप रुपया आपण चांदीचा म्हणतो, पण त्या 11.66 ग्रॅममध्ये अकरा भाग चांदी आणि एक भाग तांब्याचं मिश्रण. म्हणून अक्षरांच्या कडेला तो हिरवा, चिकट थर.

एक रुपया कप्प्याला चिकटूनच बसला होता. असं नाणं ओढायचं नाही, सरकवायचंही नाही. कप्पा तीन बाजूंनी कात्रीने कापला, वरचा पापुद्रा सरळ वर उचलला आणि रुपया कडेला धरून काचेच्या वाटीत सोडला. वर शुद्ध ॲसिटोन.

“नेलपॉलिश काढायचं चालेल ना?” आजोबांनी विचारलं. नाही चालत, त्यात तेल आणि सुवास घातलेला असतो. प्लास्टिकची वाटीही नको, काही प्लास्टिक त्यात विरघळतं आणि नाण्यावरच येऊन बसतं. दहा मिनिटांनी दुसऱ्या वाटीत, ताज्या ॲसिटोनमध्ये. मग सुती कापडावर ठेवून वरून नुसतं टिपायचं. हिरवा थर गेला, पण खाली धातू खाल्लेल्या ठिकाणचे बारीक खड्डे राहिले. ते भरून येत नाहीत, हे आजोबांना आधीच सांगितलं होतं.

“आमची ही म्हणत होती, पितांबरीने घासू या.”

“मग चकाकला असता, पण संग्राहकाने हातात धरला नसता.”

दीड. डबा.

साडेतीन. आजचं अवघड काम, आणि अवघड कारण ते करू नये असं माझं मत होतं. एका तरुणाकडे परदेशी कंपनीने दर्जा ठरवून डबीत सीलबंद केलेला रुपया. घरच्या लक्ष्मीपूजनात हाच रुपया हवा, असा आईचा हट्ट.

“अरे, पूजेला दुसरा ठेव. यावर हळद-कुंकू पडलं की संपलं. शिवाय ही डबी फुटली की दर्जाचा दाखला गेला.”

“काका, रुपया आजीचा आहे. आम्हाला विकायचाच नाही.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

डबीचे दोन भाग ध्वनिलहरींनी सांधलेले असतात, त्यामुळे नख लावून काही होत नाही. आधी दोन्ही बाजूंचे आणि आतल्या चिठ्ठीवरच्या नंबराचे फोटो. मग चष्मा लावला, डबी टॉवेलात गुंडाळली आणि चिठ्ठीकडचा कोपरा, म्हणजे नाण्यापासून सगळ्यात लांबचा, कटरमध्ये धरून दाबला. कड्‌कन आवाज आला की थांबायचं. कडेची भेग जराशी पुढे न्यायची, परत थांबायचं. हातोडा कधीच नाही. तुकडा आत उडाला तर तोच नाणं खरवडतो. तिसऱ्या दाबाला सांधा सुटला. वरचा भाग उचलून आतली चौकट मखमलीवर उलटी केली, मागून हलकंच दाबलं आणि रुपया अलगद खाली आला. कडेला धरून नव्या, कडक ॲक्रिलिकच्या गोल डबीत ठेवला. ही नखाने उघडते. “पूजा करायची ती या डबीसकट,” एवढं मात्र कबूल करून घेतलं. चिठ्ठी कंपनीला परत पाठवायला सांगितली, म्हणजे त्यांच्या नोंदीतून तो नंबर निघतो.

सव्वासात. शटर ओढताना दुसऱ्याच एका गिऱ्हाइकाचा फोन. “काका, सीलबंद डबी उघडत नाहीये. फ्रीझरमध्ये ठेवली तर तडकेल ना?” म्हटलं, तडको न तडको, बाहेर काढल्यावर नाण्यावर पाणी मात्र धरेल. उद्या अकरानंतर घेऊन या.